गेम कोसळला, पण नेमकं काय कोसळलं?

एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५० हे ग्राफिक्स कार्ड एप्रिल २०१९ मध्ये १४९ डॉलरला बाजारात आलं, तेव्हा समीक्षकांनी त्याला काही डोक्यावर घेतलं नाही. जवळपास त्याच पैशांत एएमडीचं आरएक्स ५७० जास्त एफपीएस देत होतं. तरी १६५० खपलं, आणि असं खपलं की २०२२ च्या अखेरीस स्टीमच्या हार्डवेअर सर्वेक्षणात ते पहिल्या नंबरावर जाऊन बसलं. कारण साधं होतं. ७५ वॉटमध्ये भागणारं हे कार्ड मदरबोर्डाच्या स्लॉटमधूनच वीज घेतं. बऱ्याच मॉडेलांना वेगळी केबल लागतच नाही, त्यामुळे ऑफिसातून निघालेल्या जुन्या पीसीतही ते बसतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड पीसी उचलायचा आणि त्यात हे कार्ड टाकायचं, हा कमी पैशांत गेमिंगला लागण्याचा राजमार्ग ठरला.

कार्ड बसलं की महिन्याभरात ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे ते ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्याची, खुमखुमी येते. त्यासाठीचं एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. कुठल्यातरी व्हिडिओत कोणीतरी सांगितलेलं असतं की कोर क्लॉक अधिक १५०, मेमरी अधिक ५००, बिनधास्त लावा. लावलं जातं, बेंचमार्क पूर्ण होतो, आकडा वाढलेला दिसतो. मग संध्याकाळी गेम सुरू केल्यावर वीस मिनिटांत स्क्रीन गोठते, आवाज अडकतो आणि समोर डेस्कटॉप. इथून पुढे बहुतेक जण एकाच रांगेने जातात: गेम पुन्हा डाउनलोड, ड्रायव्हर पुन्हा इन्स्टॉल, विंडोज नव्याने, आणि शेवटी ‘कार्डच डिफेक्टिव्ह आहे’ हा निकाल.

एवढी धावपळ करण्याआधी तीन गोष्टी बघायला हव्यात: गेम कसा पडला, किती वेळाने पडला आणि कुठल्या दृश्यात पडला. क्रॅशमध्ये माहिती भरपूर असते. ती न वाचता सेटिंगं बदलत सुटलं की दोन दिवसांनी आपण नेमकं काय बदललं होतं तेही आठवत नाही.

आधी आत काय होतं ते पाहू. १६५० चा अधिकृत बूस्ट क्लॉक १६६५ मेगाहर्ट्झ आहे. म्हणजे चिपमधल्या प्रत्येक पायरीला आपलं काम संपवायला साधारण ६०० पिकोसेकंद मिळतात. तोच क्लॉक १९०० वर नेला की हा वेळ ५२६ पिकोसेकंदांवर येतो. चिपमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर आहेत आणि सगळे मार्ग सारख्या लांबीचे नसतात. ढोल-ताशा पथकात ताशेवाला लय वाढवत नेतो, तेव्हा पहिल्यांदा सगळेच ढोल जुळवून घेतात; मग कुठल्यातरी रांगेतला एक मागे पडतो आणि ठेका मोडतो. चिपमध्येही सगळ्यात लांबचा, सगळ्यात संथ मार्ग आधी चुकतो. ठोका पडला तेव्हा सिग्नल अजून पोचलेला नसतो, आणि शून्याच्या जागी एक किंवा एकाच्या जागी शून्य नोंदला जातो.

ही चूक कुठे झाली यावर पुढचं सगळं ठरतं. एखाद्या पिक्सेलच्या रंगात झाली तर एका फ्रेममध्ये एक ठिपका चुकीचा दिसेल, आपल्या लक्षातही येणार नाही. चूक पत्त्यात किंवा आज्ञेत झाली तर चिप भलतीकडेच भरकटते आणि अडकून बसते. विंडोज अशा अडकलेल्या कार्डाची वाट किती वेळ बघतं? मूळ सेटिंगप्रमाणे फक्त दोन सेकंद. व्हिस्टापासून विंडोजमध्ये ही सोय आहे, तिला टीडीआर म्हणतात. दोन सेकंदांत कार्डाने उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर झटकून पुन्हा उभा करतं. स्क्रीन क्षणभर काळी होते, डेस्कटॉप परत येतो, पण गेमच्या हातातलं कार्ड गेलेलं असतं आणि तो ‘डिव्हाइस रिमूव्हड’ किंवा ‘डिव्हाइस हंग’ असा संदेश देऊन मान टाकतो. कार्ड कोणी काढलेलं नसतं. डायरेक्टएक्सच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच की कार्डाशी संपर्क तुटला. ड्रायव्हर उभा करणंही जमलं नाही तर निळी स्क्रीन येते, तिच्यावर ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ लिहिलेलं असतं.

इंटरनेटवर या दोन सेकंदांचे आठ-दहा सेकंद करायची एक युक्ती फिरत असते, रजिस्ट्रीत एक आकडा घालून. ओव्हरक्लॉकच्या क्रॅशवर हा उपाय मला अजिबात पटत नाही. भरकटलेली चिप दहा सेकंद दिले म्हणून वाटेवर येत नाही, आपणच गोठलेल्या स्क्रीनकडे जास्त वेळ बघत बसतो.

नोंद कुठे सापडते? विंडोजच्या स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप केलं की तारखेवार आलेख उघडतो. त्यात लाल फुलीखाली ‘लाइव्ह कर्नल इव्हेंट १४१’ दिसला तर कार्ड अडकलं होतं हे नक्की. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची ‘डिस्प्ले’ची नोंद तेच सांगते: ड्रायव्हरने उत्तर देणं थांबवलं होतं आणि तो सावरला. पण तिथे फक्त ‘कर्नल पॉवर ४१’ असेल, म्हणजे पीसी न सांगता बंद पडला एवढीच नोंद असेल, तर मामला वेगळा आहे. तिथे ड्रायव्हरला तक्रार लिहायचीही उसंत मिळाली नाही. अशा वेळी संशय आधी पीसीला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसवर घ्यायचा, त्याच्याकडे पुढे येऊच. आणि गेम बंद पडला पण ग्राफिक्सबद्दल एकही नोंद नाही, असं असेल तर ओव्हरक्लॉकला दोष देण्याआधी गेमचाच दोष तपासावा. बाजारात आल्याच्या आठवड्यात न कोसळणारे गेम आजकाल कमीच.

आता कोर की मेमरी. आफ्टरबर्नरमधल्या ऑफसेटच्या दोन पट्ट्या एकाच वेळी वर सरकवल्यामुळे निम्म्या लोकांना आपलं काय बिघडलं ते कधी कळतच नाही. दोन्हींची लक्षणं बरीच वेगळी असतात. कोरचा क्लॉक जास्त झाला की बहुतेकदा दृश्य शेवटपर्यंत स्वच्छ असतं आणि अचानक सगळं थांबतं. मेमरी जास्त ताणली की आधी चित्र बिघडतं: रंगीत ठिपके, बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, जमिनीतून आकाशात जाणारे लांबच लांब त्रिकोण, एखाद्या भिंतीचं टेक्श्चर भलत्याच रंगाचं. असे ठिपके दिसू लागल्यावरही खेळत राहिलात तर थोड्या वेळात क्रॅश येतोच.

मेमरीची आणखी एक खोड आहे, ती फार लोकांना फसवते. जीडीडीआर५ मेमरीत चिपकडे जाणारा-येणारा डेटा तपासायची सोय असते. चुकीचा आला की तो पुन्हा मागवता येतो. एएमडीच्या रेडिऑन कार्डांच्या पोलारिस पिढीत, म्हणजे आरएक्स ४७० पासून ५९० पर्यंतच्या कार्डांत, एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर अशा चुकांची मोजणीसुद्धा दाखवतं. या कार्डांवर मेमरी क्लॉक वाढवत नेला की एका टप्प्यानंतर क्रॅश होत नाही, ठिपकेही दिसत नाहीत, फक्त एफपीएस वाढायचे थांबतात आणि मग कमी होऊ लागतात. कार्ड तोच डेटा पुन्हा पुन्हा मागवत असतं. त्यामुळे ‘मेमरी अधिक इतकी चालते’ हे क्रॅश झाला नाही एवढ्यावरून ठरवू नये. दर पायरीला बेंचमार्कचा आकडा लिहून ठेवायचा, आणि तो जिथे वाढायचा थांबला तिथून मागे यायचं.

वेळेचा पुरावा मला सगळ्यात रोचक वाटतो. गेम सुरू होताच दोन-पाच मिनिटांत पडतो आणि अर्ध्या-पाऊण तासाने पडतो, या दोन्ही तक्रारींवर उपाय एकच नाही. एनव्हिडियाने २०१२ मध्ये जीटीएक्स ६८० बरोबर जीपीयू बूस्ट आणला, तेव्हापासून कार्डाचा क्लॉक स्थिर नसतो. तापमान, वीज आणि व्होल्टेज बघून तो सतत वरखाली होतो. अलीकडच्या पिढ्यांत कार्ड जसजसं तापतं तसतसा क्लॉक साधारण १३ ते १५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी उतरतो. म्हणजे गार कार्ड सगळ्यात वेगाने पळतं. सकाळी पीसी सुरू केल्या केल्या लोडिंग स्क्रीनवरच गेम पडत असेल आणि एकदा तो टप्पा ओलांडला की तासभर बिनबोभाट चालत असेल, तर कार्ड तापल्यामुळे पडतंय हा तर्क उलटा आहे. ते गार असताना, हलक्या कामात, सगळ्यात वरच्या क्लॉकला जाऊन पडतंय.

हे एकदा जवळून बघण्यासारखं आहे. आफ्टरबर्नरबरोबर रिवाट्यूनर येतं, त्याने स्क्रीनच्या कोपऱ्यात क्लॉक, तापमान, वॉट दिसतात. समजा १६५० ला कोर अधिक १५० दिलेत. शहरातली भरगच्च लढाई चालू असताना कोपऱ्यात कार्ड ७५ वॉटच्या भिंतीला टेकलेलं दिसेल. वीज कमी पडते म्हणून ते व्होल्टेजही खाली आणतं आणि क्लॉकही, समजा १८०० च्या आसपास. आता पॉझ करून मेन्यूत जा. काम संपलं, वॉट खाली आले, भिंत दूर गेली, आणि क्लॉक उडी मारून १९५० च्या पलीकडे गेला. लढाईत कधीच न गाठलेला आकडा कार्डाने मेन्यूत गाठला. ऑफसेट म्हणजे ‘एवढा क्लॉक वाढव’ असा एकच हुकूम नसतो. प्रत्येक व्होल्टेजला किती क्लॉक हे सांगणारा कार्डाचा पूर्ण आलेखच तो वर उचलतो. आलेखाचा मधला भाग मजबूत आणि टोक कच्चं, असं असलं की लढाई पार पडते आणि मेन्यूत गेम मरतो. यावर पूर्ण ऑफसेट कमी करायची गरज नसते. एफपीएसला मर्यादा घाला किंवा आलेखाचं टोक कापा. अर्ध्याहून अधिक ‘विचित्र’ क्रॅश इथेच मिटतात, असा माझा अंदाज आहे.

हे फक्त हौशी लोकांच्या कार्डांत घडतं असंही नाही. सप्टेंबर २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० बाजारात आलं तेव्हा कंपन्यांनी कारखान्यातूनच ओव्हरक्लॉक केलेली काही कार्डं गेममध्ये धडाधड पडू लागली, तीही क्लॉक २ गिगाहर्ट्झच्या वर गेला की. चिपच्या मागच्या बाजूच्या कपॅसिटरांवर जोरदार वाद झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस एनव्हिडियाने ४५६.५५ हा ड्रायव्हर सोडला आणि क्रॅश बरेच थांबले. क्षणभराची उंच उडी सातशे डॉलरच्या कार्डालाही झेपली नव्हती.

उशिरा पडणाऱ्या गेमचं कारण मात्र बहुधा उष्णताच असते. पण आकडा पाहताना एक लक्षात घ्या: स्वस्त कार्डात चिपचं तापमान मोजलं जातं, मेमरीचं आणि व्होल्टेज देणाऱ्या भागाचं मोजलं जाईलच असं नाही. अॅल्युमिनियमचा एक ठोकळा, वर एक किंवा दोन पंखे, बस. बऱ्याचदा तो ठोकळा मेमरीच्या चिपांना टेकतही नाही. स्क्रीनवर ६८ अंश दिसतात, आपण निर्धास्त असतो, आणि शेजारी मेमरी भाजत असते. कॅबिनेटचं झाकण काढून बाहेरून टेबलफॅन लावा आणि तोच गेम तेवढाच वेळ खेळून बघा. क्रॅश थांबला तर उत्तर मिळालं, आणि तेही पाच पैशांचा खर्च न करता.

खोलीचं तापमानही धरायला हवं. ओव्हरक्लॉकचे व्हिडिओ पाहताना तो माणूस कुठल्या देशात, कुठल्या ऋतूत बसलाय हे आपण विचारत नाही. कार्डाचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं. पुण्यात जानेवारीत पक्की ठरलेली सेटिंगं नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ ला टेकलेला असताना टिकतीलच असं नाही. ओव्हरक्लॉक करायचाच असेल तर त्याची परीक्षा उन्हाळ्यात, दुपारी, दार बंद करून घ्यावी. हिवाळ्यात पास झालेल्या सेटिंगांवर माझा विश्वास नाही.

आता एसएमपीएस. गेम पडण्याऐवजी अख्खा पीसीच टपकन बंद होऊन पुन्हा सुरू होतो, ही याची ठळक खूण. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० वॉट छापलेलं असतं. त्याकडे दुर्लक्ष करा आणि बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. समजा तिथे १६ आहेत. १६ गुणिले १२ म्हणजे १९२ वॉट. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोघंही प्रामुख्याने याच १२ व्होल्टवर चालतात. आरएक्स ५८० एकटंच १८५ वॉटचं कार्ड आहे, आणि ओव्हरक्लॉक केल्यावर त्याहून जास्त ओढतं. मग प्रोसेसरने काय खायचं? त्यात कार्डाला लागणारी केबल एसएमपीएसमध्ये नाही म्हणून हार्डडिस्कच्या केबलला जोडणी लावून काम भागवलेलं असलं, तर ओव्हरक्लॉक हा विषयच बंद करावा. तिथे गेम पडण्यापुरतं भागत नाही, प्लग वितळतात.

स्लॉटमधून मिळणाऱ्या विजेलाही हद्द आहे. ७५ वॉट म्हणतात खरं, पण त्यातले १२ व्होल्टवर मिळतात ६६, उरलेले ३.३ व्होल्टवर. एएमडीला हा हिशेब जाहीरपणे द्यावा लागला होता. जून २०१६ मध्ये आरएक्स ४८० आलं तेव्हा परीक्षणांत आढळलं की ते स्लॉटमधून ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढतंय. जुलैतच १६.७.१ हा ड्रायव्हर काढून कंपनीने तो भार हलवला. या पार्श्वभूमीवर बिनकेबलच्या कार्डांची पॉवर लिमिट बहुतेक उत्पादक १०० टक्क्यांवर का जखडून ठेवतात ते कळतं. पट्टी पुढे सरकतच नाही म्हणून चिडू नका, तुमच्या जुन्या मदरबोर्डाच्या भल्यासाठीच ते आहे.

कार्ड कशाने अडतंय हे जीपीयू-झी हे सॉफ्टवेअर सांगतं. त्यात ‘परफकॅप रीझन’ नावाची एक रंगीत रेघ असते: वीज कमी पडली की एक रंग, तापमान आडवं आलं की दुसरा, व्होल्टेजची मर्यादा गाठली की तिसरा. बिनकेबलच्या १६५० वर जड गेममध्ये ही रेघ बहुतेक वेळ विजेचाच रंग दाखवते. म्हणजे कोरचा ऑफसेट वाढवून लढाईतला क्लॉक फारसा वाढत नाही, वाढतो तो मेन्यूतला. धोका घ्यायचा, फायदा मात्र नाही.

दोष कार्डाचा नसूनही कार्डावर येतो, अशी प्रकरणं कमी नाहीत. अलीकडचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण इंटेलचं. २०२३ च्या सुमाराला अनरिअल इंजिनवरचे गेम सुरू होतानाच ‘व्हिडिओ मेमरी संपली’ म्हणून पडू लागले. ज्यांच्या कार्डात मेमरी भरपूर होती त्यांनाही हाच संदेश. लोकांनी कार्डं बदलली, ड्रायव्हर बदलले. खरा आजार इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या प्रोसेसरांत होता: जास्तीच्या व्होल्टेजने ते झिजत होते, आणि गेम सुरू होताना शेडर उलगडण्याचं जड काम करताना चुकत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड आला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. संदेश कार्डाकडे बोट दाखवत होता, गुन्हा प्रोसेसरचा होता. रॅमचंही तसंच. बायोसमध्ये रॅमचा एक्सएमपी चालू करणं हादेखील ओव्हरक्लॉकच आहे, हे बरेच जण विसरतात. कार्डाची परीक्षा घ्यायची असेल तेवढ्यापुरता तो बंद करा. शिवाय ४ जीबी मेमरीच्या कार्डावर नव्या गेमची टेक्श्चर ‘अल्ट्रा’ला लावली तर स्टॉक, म्हणजे मूळ, क्लॉकवरही तो अडखळणार, कधी पडणार. तिथे मेगाहर्ट्झ वाढवून काही होत नाही.

तर तपास कुठून सुरू करायचा? सगळं स्टॉकवर आणून. आफ्टरबर्नरमध्ये रीसेट, आणि दुसरं कुठलं ओव्हरक्लॉकचं सॉफ्टवेअर असेल तर ते बंद. एएमडीचं अॅड्रेनालिन आणि आफ्टरबर्नर दोन्ही एकाच वेळी कार्ड चालवायला बसले की भांडणं होणारच. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये, हेल्पच्या मेन्यूत, ‘डीबग मोड’ नावाची एक सोय लपलेली आहे. तुमचं कार्ड ‘ओसी एडिशन’ असेल, म्हणजे कारखान्यातूनच थोडं ताणलेलं असेल, तर ती त्याला एनव्हिडियाच्या मूळ क्लॉकवर आणते. फार कमी लोक ही वापरतात. स्टॉकवर दोन-तीन संध्याकाळी खेळा. तरीही गेम पडला तर ओव्हरक्लॉक सुटला, आता ड्रायव्हर, रॅम, एसएमपीएस यांची पाळी. ड्रायव्हर साफ करायचा तर सेफ मोडमध्ये डीडीयू हे सॉफ्टवेअर चालवून मुळापासून काढावा.

स्टॉकवर सगळं ठीक असेल तर एका वेळी एकच पट्टी. आधी मेमरी शून्यावर ठेवून कोर, पंधरा-वीस मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी. मग कोर शून्यावर ठेवून मेमरी, पन्नासच्या पायऱ्यांनी. दोन्ही स्वतंत्रपणे पक्के झाल्यावर एकत्र लावायचे, आणि तेव्हा दोन्ही थोडे मागे घ्यावे लागतील हे धरून चालायचं, कारण वीज आणि उष्णता दोघांत मिळून वाटली जाते. ‘स्टार्टअपला लावा’ ही खूण आठवडाभर तरी करू नका. कच्ची सेटिंगं विंडोज सुरू होतानाच लागू झाली की पीसी डेस्कटॉपपर्यंतही पोचत नाही आणि सेफ मोडचा फेरा मागे लागतो. आणि प्रत्येक क्रॅशनंतर पीसी रिस्टार्ट करा. ड्रायव्हर सावरला असं विंडोज म्हणतं, पण सावरलेलं कार्ड कधी कमी क्लॉकवर अडकून राहतं, कधी अॅड्रेनालिन गुपचूप सगळं डिफॉल्टला नेतं. त्या अवस्थेत घेतलेली चाचणी पास झाली तरी ती कुठल्या सेटिंगांची, हे सांगता येत नाही.

चाचणीला फरमार्क वापरू नका. ते कार्डावर इतका भार टाकतं की कार्ड विजेच्या मर्यादेला आपटून क्लॉक खाली आणतं, म्हणजे ज्या वरच्या क्लॉकची परीक्षा घ्यायची तिथे ते जातच नाही. युनिजिनचं हेवन २००९ चं आहे, तापवायला ठीक, पण ते पास झालं म्हणून आजचा गेम पास होईल असं नाही. थ्रीडीमार्कची स्ट्रेस टेस्ट, जिच्यात तेच दृश्य वीस वेळा फिरतं आणि ९७ टक्के स्थिरता लागते, ती बरी; मात्र ती पैसे भरलेल्या आवृत्तीतच मिळते. मेमरीसाठी ओसीसीटीची व्हीरॅम चाचणी चांगली. आणि शेवटी तुमचे स्वतःचे गेम, तेही दोन-तीन वेगळ्या इंजिनांवरचे. चिपचा कुठला कोपरा कुठला गेम वापरतो ते वेगवेगळं असतं, त्यामुळे एका गेममध्ये महिनाभर टिकलेला ओव्हरक्लॉक दुसऱ्यात पहिल्याच मिनिटाला पडू शकतो. याला दुर्दैव म्हणू नका, तो आधीपासूनच कच्चा होता.

सेकंडहँड रेडिऑन घेतलेल्यांसाठी एक वेगळी सूचना. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टोकरन्सीने कार्डांवरचं मायनिंग बंद केलं आणि आरएक्स ५७०, ५८० स्वस्तात बाजारात ओतली गेली. त्यांतल्या अनेकांचं बायोस मायनिंगसाठी बदललेलं आहे: कोरचं व्होल्टेज उतरवलेलं, मेमरीचं टायमिंग आवळलेलं. अशा कार्डाला स्टॉक म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. आफ्टरबर्नरमध्ये शून्य दिसतं, पण ते शून्य मायनिंगवाल्याचं असतं. कार्डावर दोन बायोसांचं छोटं बटण असेल तर पीसी बंद करून ते दुसरीकडे सरकवून बघा, बऱ्याचदा मूळ बायोस तिथे शाबूत मिळतं. जीपीयू-झीत शेडरची संख्याही तपासा. खऱ्या ५८० मध्ये २३०४ असतात. २०४८ दिसले तर ते त्याच नावाने विकलं गेलेलं, ५७० च्या ताकदीचं कार्ड आहे, आणि ५८० चे ऑफसेट त्याला लावण्यात अर्थ नाही.

एवढं करून हाती काय येतं? १६५० च्या जीडीडीआर५ आवृत्तीला मेमरी अधिक ४०० दिली तर तिचा वेग सेकंदाला १२८ जीबीवरून सुमारे १४१ जीबीवर जातो, म्हणजे दहा टक्के वाढ. गेममध्ये ते ५० एफपीएसचे ५३-५४ करून देईल. कोरचं मी वर म्हटलंच, विजेच्या भिंतीपुढे त्याचं फार चालत नाही. त्यापेक्षा अंडरव्होल्ट करा. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ एकत्र दाबले की आलेख उघडतो. कार्ड जड गेममध्ये जो क्लॉक धरतं तो कमी व्होल्टेजच्या बिंदूवर ठेवायचा आणि त्यापुढचा आलेख सपाट करायचा. चिपचा वीजखर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो: १ व्होल्टचं ०.९ झालं की त्याच क्लॉकला साधारण १९ टक्के वीज वाचते. भिंतीला टेकलेल्या कार्डाला ही वाचलेली वीज क्लॉक टिकवायला उपयोगी पडते, पंखा हळू फिरतो आणि मेन्यूतल्या उड्याही बंद होतात. इथेही नियम तोच: व्होल्टेज फार उतरवलं की क्रॅश येणार, मग एक-दोन बिंदू वर यायचं. ७५ वॉटच्या कार्डावर मी मेमरीची माफक वाढ आणि अंडरव्होल्ट यापलीकडे जाऊ नये म्हणेन.

आणि स्टॉक क्लॉकवर, चांगल्या एसएमपीएसवर, शक्य झाल्यास मित्राच्या पीसीतही तुमचं कार्ड पडत असेल, तर सेटिंगांशी खेळत बसू नका. बायोस फ्लॅश करू नका, हीटसिंकचा स्क्रू उघडण्याआधी वॉरंटीचं स्टिकर कुठे आहे ते बघा, बिल शोधा आणि कार्ड सर्व्हिस सेंटरला द्या. देताना कुठल्या गेममध्ये, किती मिनिटांनी, कुठली नोंद उमटून ते पडलं हे कागदावर लिहून सोबत जोडा. ‘गेम चालत नाही’ एवढंच सांगितलेलं कार्ड दहा मिनिटं चालवून ‘नो फॉल्ट’ म्हणून परत यायची दाट शक्यता असते.